पायांपाशी थांबलेलं चित्र

शब्बीर, गेल्या शुक्रवारी तुझ्यासाठी गिरणीचं इंजिन बंद केलं, तर निम्मी गल्ली आधी माझ्याच दारात जमली. सखूमावशी सगळ्यांच्या पुढे. तिला आता धड दिसत नाही, म्हणून तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मिशी चाचपली आणि म्हणाली, "तू तं हायेस. मंग कोण गेलं बे?"

"शब्बीर गेला, मावशी."

"पेंटर शब्बीर?" ती तिथेच पिठात मटकन बसली. मग म्हणाली, "पण त्या खेपेस तं तू गेला होता नं?"

कोणी हसलं नाही. मीही नाही. पण तू असतास तर भिंतीकडे तोंड फिरवून खांदे हलवत बसला असतास, आणि मग मावशीलाच चहा पाजला असतास.

आपल्या गल्लीचा हा कायदा माझ्या वडिलांनी घातलेला. कोणाच्या घरी मयत झाली की गिरणी बंद, आणि ती उठेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. मग घर देवळाच्या बाजूचं असो की मशिदीच्या. दिवसभर त्या इंजिनाचा ठोका ऐकून लोकांचे कान असे तयार झालेत की भर कामाच्या वेळी तो थांबला की माणसं उंबऱ्यावर येतात आणि मनातल्या मनात आपापली म्हातारी माणसं मोजतात. अपवाद एकच, आठवड्यातून एकदा जात्याच्या दगडांना टाकी लावतो तो दिवस. पण तेव्हा छिन्नीची टकटक चालू असते. इंजिन नाही आणि टकटकही नाही, म्हणजे कोणीतरी गेलं. या कायद्यापायी आपलं काय झालं ते मी विसरलेलो नाही, आणि सखूमावशी तर मुळीच विसरलेली नाही.

तुझ्याबद्दल पेपरात काही छापून येणार नाही. देऊळगाव राजाच्या लेखी तू पेंटर होतास. दुकानांच्या पाट्या, निवडणुकीची चिन्हं, पोळ्याला बैलांची शिंगं, बालाजीच्या यात्रेत फिरत्या नाटकाचा फाटलेला पडदा. तू चित्रकार होतास हे मला ठाऊक, माझ्या सुभद्रेला ठाऊक आणि तुझ्या घरात भाभीला. बाकी कोणाला सांगायची तुला हौस नव्हती, आणि मला तर ते लपवायचंच होतं. म्हणून आता मीच लिहायला बसलोय. माझं अक्षर म्हणजे पिठात चिमणी नाचून गेल्यासारखं, हे तूच म्हणायचास. चालवून घे.

तू माझ्याकडे उभ्या आयुष्यात दोन तास मागितलेस. नुसतं आडवं पडायचं आणि जागं राहायचं. दहा वर्षं मी ते दिले नाहीत. बाकी सगळं या दोन तासांच्या अवतीभोवतीचं आहे.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी तू गिरणीची पाटी रंगवायला आलास. 'आज गिरणी बंद' एवढीच पाटी मला हवी होती. तू त्यात इतकी वेलबुट्टी घातलीस की लोक गिरणी चालू असली तरी ती पाटी वाचायला थांबायचे आणि डबे घेऊन परत जायचे. ती दारावर ठोकून झाल्यावर पैसे मागायला तू आत आलास, तर मी पोत्यांच्या थप्पीवर आडवा. डोक्याखाली हात, अंगावर धोतराचा सोगा, आणि नखशिखान्त पीठ. झोप ही माझी जुनी खोड. बसल्या बसल्या लागते, उभ्याने लागते. माझ्या लग्नात अंतरपाटामागे मला मामाने चिमटा काढून जागा केला होता.

"हिलू नको बे!" तू एवढ्या जोरात ओरडलास की मला वाटलं अंगावर साप आहे.

"काऊन? काय झालं?"

"हिलू नको म्हणतो नं. असाच राह्य."

"अरे पण हाय काय?"

"तू कोण हायेस तुले मालूमच नाही."

"मी गुलाब गिरणीवाला."

"आत्ता नाही. आत्ता तू संगमरवर हायेस."

मी उठून बसलो, तसा संगमरवर शिंकला. तू कपाळावर हात मारून घेतलास.

मग तू जे सांगितलंस ते ऐकून मला तू पाटीच्या रंगात काहीतरी मिसळून प्यालास असा संशय आला. जालन्याला पडदे रंगवणाऱ्या तुझ्या म्हाताऱ्या उस्तादांकडे एक विलायती पुस्तक होतं. त्यात अंगभर वस्त्र घेऊन आडवी पडलेली एक बाई होती, जुन्या दगडी मूर्तीसारखी. चार वर्षं तू त्यांचे ब्रश धुतलेस आणि ती बाई बघितलीस. शास्त्रीय पद्धत म्हणजे काय, ते तू मला बाजरीच्या पोत्यावर बसून समजावलंस. आधी हाडं, मग मांस, मग कपडा. "कपड्यापासून सुरुवात करते तो शिंपी," तू म्हणालास. "कपडा माणसाले झाकत नाही गुलाब. आत माणूस कसा हाय, थेच सांगते कपडा." मुंबईला प्रदर्शन भरणार होतं, गावोगावच्या चित्रकारांनी चित्रं पाठवावीत असं न्हाव्याच्या दुकानातल्या पेपरात आलं होतं. तुला एकच चित्र पाठवायचं होतं, आडव्या बाईचं. फक्त बाई मिळत नव्हती.

"आणि म्हणून मी?"

"तुले खांदा हाय, कंबर हाय, अन् पडून राह्याची अक्कल हाय. तोंड भिंतीकडे करजो. मिशीचं मी पाहून घेतो."

कोणी दुसऱ्याने विचारलं असतं तर मी त्याला जात्यात घातला असता. तुला का हो म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एक तर कोणीतरी मला झोपायला बोलावत होतं. आणि दुसरं, मला बघून कोणाला संगमरवर आठवावा, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या घरात मला बघून सगळ्यांना घोंगडं झटकायची आठवण व्हायची.

टाकीच्या दिवशी, दगडांचं काम सकाळी उरकलं की भर दुपारी आपण बसायचो. दुपारच कशाला, तर छपरातल्या काचेच्या कौलातून त्या दोन तासांतच ऊन थप्पीवर उतरायचं. आणि इंजिन चालू असलं की जमीन थरथरायची, तुझा ब्रश उड्या मारायचा, ओल्या रंगावर पीठ बसायचं. तू मांजरपाटाची चादर तांदळाच्या खळीत बुडवून आणायचास आणि माझ्या अंगावर टाकून तिच्या घड्या बसवायचास. गुडघ्याखाली तीन, कमरेवर एक लांब, खांद्यावरून सुटलेली एक. त्या हलू नयेत म्हणून बाभळीचे काटे टोचायचास. त्यातले निम्मे चादरीला, निम्मे मला. वरून खळ, आतून पीठ, माझ्या अंगावर चिकटवायची लेई तयार व्हायची. वाळली की चादर पापडासारखी कडक. मला त्यातून बाहेर काढायला तू कुशीवरून लोटायचास आणि चादर तशीच्या तशी, माझ्या आकाराची, मागे उभी राहायची.

आणि मी झोपायचो. पाचव्या मिनिटाला. तुझं आणि माझं भांडण तिथून सुरू झालं.

"झोपला की तुझे पाय मरते बे," तू मला ढोसून म्हणायचास. "हे पाय, कसे बाहेर पडले. मेलेल्याचे पाय असे पडते."

"अरे, चित्रातली बाई झोपलेलीच आहे ना?"

"आडवी हाय. झोपली नाही."

"आडवं माणूस दुपारचं दुसरं काय करील?"

"विचार करील! कोणाची वाट पाहील! तुह्यासारखे घोरत नाहीत समदे. जागं माणूस आडवं पडलं तरी त्याच्या अंगठ्यात जीव राह्यते. अंगठा पाह्य जाग्या माणसाचा कवा. जरा वर राह्यते. कान दिल्यावानी."

मी म्हणायचो, आडवं पडणं म्हणजेच झोपणं, यात वाद कसला. तू म्हणायचास, तुझ्यापेक्षा बैल बरे, शिंगं रंगवताना उभ्याने जागे तरी असतात. खांदे झाले, कंबर झाली, घड्या तर अशा उतरल्या की हात लावून बघावंसं वाटे. पाय तू पुढच्या खेपेवर ढकलत गेलास. तुझे थोरले चाचा तुला माणसं काढू नको म्हणायचे, तेव्हा तू त्यांना म्हणालास, "चाचा, मी माणूस कुठं काढला? चादर काढून राह्यलो." त्यांनी चित्र पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि विचारलं, "मंग चादरीखाली कोण हाय?" तू म्हणालास, "गिरणीवाला." त्यावर ते जे निघून गेले ते पुन्हा या विषयावर बोलले नाहीत.

माझ्या घरात हा विषय इतका सहज मिटला नाही. सुभद्रा एकदा माझा डबा घेऊन आली, मी विहिरीवर अंग धुवायला गेलेलो, तू रॉकेल आणायला गेलेला, आणि ती चित्रातली बाई थप्पीसमोर ऊन खात उभी. मी परतलो तर सुभद्रा पदर खोचून.

"कोण हाय ही?"

"कोण?"

"ही! माह्या दळणाच्या पोत्यावर पडली थे!"

"अगं, ही मीच आहे."

"तुमची अशी कंबर कवापासून झाली वं बाई!"

मी सांगत होतो, ती ऐकत नव्हती. लग्नानंतर आठ वर्षांत तिने माझ्यावर एवढा जीव टाकलेला मी पाहिला नव्हता, आणि तोसुद्धा एका बाईवरून, जी मीच होतो. तेवढ्यात तू आलास. माझा डावा हात धरलास, कोपरावरचा इंजिनाच्या चटक्याचा डाग तिला दाखवलास आणि मग चित्रातल्या कोपराकडे बोट केलंस. तिथे तो डाग होता. शास्त्रीय बाईच्या शास्त्रीय कोपरावर, माझा डाग, जसाच्या तसा.

सुभद्रा किती वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "शब्बीरभाऊ, हे एवढे बरे दिसते का हो?"

"दिसते नं भाभी. झोपले नाही तं अजून बरे दिसतीन."

त्या दिवसापासून खळ तिनेच करून दिली. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण त्या रात्री जेवायला वाढताना ती माझ्याकडे दोनदा चोरून बघत होती. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. आता मानतो.

चित्र पाठवायला चार दिवस उरले आणि पाय तसेच. टाकीचा दिवस लांब होता. दिवाळी आठवड्यावर आलेली, बेसनाच्या डाळीचे डबे दाराबाहेर रांगेने लागलेले. तू आलास आणि म्हणालास, "गुलाब, आज दोन घंटे. जागा राह्य, बस. पाय झाले का मी पार्सल बांधतो." मी भर अकराला इंजिन बंद केलं, बायकांना दुपारनंतर या म्हटलं, दार आतून लावलं. पाटी लावायची विसरलो. एवढी नक्षीदार पाटी, आणि हवी त्या दिवशी ती दाराच्या आत.

मी शपथेवर जागा राहणार होतो. तू पायांवरच्या घड्या बसवत होतास, ऊन उतरत होतं, आणि मग मला काही आठवत नाही.

पुढचं मला तूच सांगितलंस. इंजिन थांबलं, टकटक नाही. गल्ली उंबऱ्यावर आली. आपापली म्हातारी मोजली, सगळी भरली. मग कोण गेलं? सखूमावशीने खिडकीच्या जाळीला डोळा लावला. आत मी, पांढराफटक, पांढऱ्या चादरीत, पाय बाहेर पडलेले. आणि माझ्या पायांशी तू, मान खाली घालून, तोंडाने पुटपुटत. तू मला शिव्या देत होतास, झोपलो म्हणून. तिला वाटलं तू दुवा मागतोयस. "गिरणीवाला गेला वं मायऽ" अशी तिने जी किंकाळी फोडली ती बसस्टँडपर्यंत ऐकू गेली. तिथे मेहकरकडे जाणारी गाडी उभी होती. कोणा पुण्यवान माणसाने कंडक्टरला सांगितलं, "बीबी गावात त्याची बहीण हाय, तेवढी खबर द्या."

तू कडी काढायला उठेपर्यंत दार मोडून माणसं आत आली, तेव्हा मला जाग आली. उठायला गेलो, पण चादर वाळून कडक, वरून काट्यांनी जखडलेला. म्हणून मी चादरीसकट, एका अंगाने, सगळा एकदम उभा राहिलो. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की दळण कोणाचं आधी. माणसं ज्या दारातून आली त्या दारातून एकदम बाहेर जायला लागली, आणि ते दार एकाच माणसापुरतं आहे. त्या चेंगराचेंगरीत कोणाचा तरी बेसनाच्या डाळीचा डबा चित्राच्या खालच्या कोपऱ्यावर पडला, आणि नुकता सुरू केलेला एक अंगठा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने माझी बहीण कौसा आली. स्टँडपासून गिरणीपर्यंत ऊर बडवत. दार मी उघडलं. तिने मला बघितलं, किंचाळली, आणि मग हातातल्या पिशवीने जी झोडपायला सुरुवात केली ती थांबेना. तिच्यासोबत आलेले मेहुणे शांतपणे बाजूला उभे, त्यांना यात समाधान वाटत असावं. मी आणि माझी अब्रू दोघेही त्या पिशवीखाली संपलो असतो, पण तू मध्ये पडलास.

"ताई, थांबा. याले कावळा शिवला होता."

कौसाचा हात वरच्या वर राहिला.

"डोक्याले शिवला, परवा. मंग जवळच्या माणसाले खोटी खबर धाडा लागते नं? याच्यावर जीव टाकून रडणारं तुमच्याबिगर कोण हाय?"

कावळा डोक्याला शिवला की मरणाची खोटी खबर धाडायची, आपलं माणूस पोटातून रडलं की आलेलं टळतं, हे आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही! कौसाच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग भीती आली, आणि मग एक थोरवी. "मी बीबीपासून रडत आली," ती सगळ्यांना सांगू लागली. "दुसरबीडले तं गाडीत समद्या बाया माह्यासंगं रडल्या." गल्लीलाही ते पटलं. कालची घाबरट पळापळ ही एकाएकी धर्मकृत्य झाली, आणि जो जो पळाला होता तो तो माझं आयुष्य वाढवायला आला होता असं ठरलं. दर भाऊबीजेला कौसा मला ओवाळते आणि म्हणते, माझ्या रडण्यावर जगून राह्यला तू. मी मान हलवतो.

तू मला त्या दिवशी वाचवलंस, शब्बीर. आणि मी काय केलं, तर कौसाची गाडी सुटल्याबरोबर तुला म्हणालो, "आता पुरे. पुन्हा मी त्या चादरीत जाणार नाही."

तू म्हणालास, "दोन घंटे बे. पायच राह्यले."

"तुझे स्वतःचे काढ."

"माहे पाय चालते-फिरते पेंटरचे हायेत. या बाईच्या कमरेले थे कसे लागतीन? हिचे पाय तुह्याचजवळ हायेत."

लोक मला वर्षभर 'मढं गिरणीवाला' म्हणत होते. दळण टाकताना बायका मुद्दाम विचारायच्या, जिवंत हायेत नं आज? लाज वाटत होती, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते मी तुला सांगायला हवं होतं. मला भीती वाटत होती की मी पुन्हा झोपेन. तुझं एवढं चित्र, एवढी वर्षं मनात धरलेलं, आणि ते अडलं माझ्या डोळ्यावरच्या झापडीपायी. पुन्हा झोपलो असतो तर तुझ्याकडे बघता आलं नसतं. त्यापेक्षा नाही म्हणणं सोपं होतं.

पार्सल गेलं नाही. प्रदर्शन झालं. तू पाट्या रंगवत राहिलास. एकदाही मला टोचून बोलला नाहीस, फक्त दर पोळ्याला, शिंगांचा रंग हाताला तसाच, गिरणीत यायचास आणि म्हणायचास, "दोन घंटे, गुलाब." मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे. दिवाळीला म्हणायचो, यात्रा होऊ दे. मग आपण तोच वाद घालायचो, ती बाई झोपलीय की जागी. दहा वर्षांत तू तसूभर हटला नाहीस, आणि मीही नाही. पाय नसलेल्या बाईबद्दल दोन बाप्ये एवढे भांडत होते.

गेल्या महिन्यात तुझी छाती भरून आली तेव्हा मी आलो होतो. तू बाजेवर आडवा होतास. खोकला थांबल्यावर तू माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या पायांकडे बघितलंस. "पाय धुऊन आला का बे?" मी हसलो. तू म्हणालास, "दोन घंटे." मी म्हणालो, "आधी बरा हो, पोळा होऊ दे." तू हसलास. तुला माहीत होतं, आणि मला वाटतं मलाही माहीत होतं. समोर दुसरी बाज रिकामी होती. मी तिथल्या तिथे आडवा का पडलो नाही? तुझ्या हातात ब्रश राहत नव्हता, पण तू बघितलं तरी असतंस.

माझी खोटी खबर पसरली आणि तू तिचा उपाय करून टाकलास, म्हणून मी जगून राहिलोय. तुझी कोणी पसरवली नाही. मी एकदा तरी जालन्याच्या गाडीवाल्याला सांगायला हवं होतं, शब्बीर पेंटर गेला म्हणून. चार माणसं रडली असती. मीच रडलो असतो, मला जमलं असतं.

शुक्रवारी तुझ्यावर पांढरं वस्त्र होतं, आणि त्याला एक चूण नव्हती. सगळीकडून ताणून सरळ केलेलं. तुला आवडलं नसतं. माझा हात पुढे होत होता, गुडघ्याखाली तीन घड्या घालायला. मेहुणे शेजारी होते, त्यांनी हात धरला. त्यांना वाटलं मला रडू आवरत नाही. तेही खोटं नव्हतं.

मंगळवारी तुझ्या घरून भाभी स्वतः आली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं चित्र घेऊन. म्हणाली, "भाऊ, हे तुमचं हाय. आता घरात येणं-जाणं वाढलं, जो तो विचारून राह्यला, ही बाई कोण." मी म्हणालो, माझ्या घरीही विचारलं होतं. ती पदराआड हसली, आणि तशीच रडायला लागली. सुभद्रेने तिला आत नेलं.

काल दुपारी मी चित्र डब्यांच्या थप्पीला टेकवून उभं केलं. डाळीचा डबा पडला होता तो कोपरा तू नंतर पुसून साफ केला होतास, तिथे नुसतं कापड आहे. चादर घोट्यापर्यंत येते आणि थांबते. कौलातून ऊन यायला लागलं तसं मी इंजिन बंद केलं. या खेपेला पाटी बाहेर लावली. विहिरीवर जाऊन पाय धुतले, दगडाने घासले, आणि थप्पीवर आडवा झालो, तोंड भिंतीकडे करून. वेडेपणा आहे, हे मला कळत होतं.

मागे पावलं वाजली. सुभद्रा. मला वाटलं आता बोलेल. तिच्या हातात भांडं होतं, आणि भांड्यात खळीत बुडवलेली चादर. कधी करून ठेवली कोण जाणे. ती माझ्यावर टाकून तिने घड्या बसवल्या. गुडघ्याखाली तीन, कमरेवर एक लांब. खांद्यावरची तिला जमेना, दोनदा मोडली, तिसऱ्यांदा बसली. काटे लावले. सगळे चादरीला, मला एकही नाही. मग तू ज्या रॉकेलच्या पिंपावर बसायचास त्यावर ती बसली.

खिडकीच्या जाळीशी सखूमावशीचा आवाज आला. "इंजन काऊन बंद हाय वं? आता कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, मावशी," सुभद्रा म्हणाली. "चित्र चालू हाय."

"कोण काढून राह्यलं?"

मला वळून सुभद्रेकडे बघायचं होतं. माझी मान हलली असेल.

"हिलू नका," ती म्हणाली.

ऊन गुडघ्यावरून खाली सरकत पायांवर आलं, अंगठ्यावर आलं, मग जमिनीवर उतरलं. पूर्ण दोन तास, शब्बीर. मी झोपलो नाही.